बावीस वर्षे टेबलाशी: शरथ कमलचा निरोप आणि त्याचे चाहते

दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा टेबल टेनिसपटू अचंता शरथ कमल मार्च २०२५ मध्ये निवृत्त झाला. महिन्याच्या ५ तारखेला त्याने निर्णय जाहीर केला आणि महिनाअखेरीस चेन्नईच्या जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियममध्ये डब्ल्यूटीटी स्टार कंटेंडर या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो शेवटचा खेळला. कारकिर्दीतली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याने चेन्नईत खेळली होती. शेवटचीही आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर व्हावी असे त्याने ठरवले. अखेरच्या सोळा खेळाडूंत त्याची गाठ स्नेहित सुरावज्जुला या भारतीय तरुणाशी पडली. जवळजवळ एका पिढीने लहान असलेल्या स्नेहितने त्याला सरळ गेममध्ये हरवले आणि तिथेच, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, शरथची स्पर्धात्मक कारकीर्द संपली. हरलेल्या माणसासाठी एवढ्या टाळ्या क्वचितच वाजतात.

भारतात क्रिकेटपटूच्या निवृत्तीचा सोहळा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. टेबल टेनिसच्या वाट्याला असा सोहळा आजवर फारसा आलेला नाही. म्हणून या निरोपाकडे नीट पाहायला हवे. ज्या खेळाचे सामने दूरचित्रवाणीवर अधूनमधूनच दिसतात, ज्याची बातमी वर्तमानपत्रात क्रीडापानाच्या तळाशी येते, त्या खेळातल्या माणसावर लोकांनी एवढा जीव का लावावा, हा प्रश्न त्यातून समोर येतो.

त्याचे पहिले उत्तर खेळाच्या रचनेतच आहे. टेबल २.७४ मीटर लांब आणि दीड मीटरहून किंचित जास्त रुंद असते. जाळी सव्वापंधरा सेंटिमीटर उंच. चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि फक्त २.७ ग्रॅम वजनाचा. हा सगळा संग्राम एका मोठ्या खोलीएवढ्या जागेत चालतो आणि प्रेक्षक हाकेच्या अंतरावर बसलेला असतो. खेळाडूच्या कपाळावरचा घाम, सर्व्हिस करण्याआधी टेबलावर तळहात पुसण्याची लकब, गुण गेल्यावर स्वतःशीच पुटपुटणे, हे सगळे त्याला दिसते. चेंडू मात्र धड दिसत नाही, कारण चांगल्या खेळाडूने घासून मारलेला चेंडू सेकंदाला शंभराहून अधिक गिरक्या घेत असतो. फिरकी डोळ्यांना कळत नाही. ती समोरच्याच्या रॅकेटवर आदळून चेंडू भलतीकडे गेला की कळते. त्यामुळे या खेळाचा खरा चाहता बहुधा स्वतः थोडेफार खेळलेला असतो. आपल्याला जे जमले नाही ते समोरचा माणूस किती सहज करतो आहे, हे त्याला हातानेच ठाऊक असते. त्याच्या कौतुकात म्हणूनच जाणकारी असते.

शरथचा फोरहँड असाच जाणकारांच्या प्रेमाचा विषय होता. तो उंचापुरा, लांब हातांचा. आखूड सर्व्हिस करायची, समोरच्याला ती उचलायला भाग पाडायचे आणि परत आलेल्या चेंडूवर डाव्या कोपऱ्यातून पायांची झटकन मांडणी करून पूर्ण ताकदीने फोरहँड हाणायचा, हा त्याचा हुकमी डाव. खेळाडू त्याला ‘थर्ड बॉल’ म्हणतात, म्हणजे सर्व्हिसपासून मोजलेला तिसरा फटका. तो फटका पडणार हे समोरच्यालाही ठाऊक असे आणि तरीही अनेकदा त्याला नुसते बघत राहावे लागे. टेबल टेनिस क्लबांतली मुले हा डाव आरशासमोर करून पाहत. चाहतेपणाची याहून प्रामाणिक खूण सापडणे कठीण.

शरथचा जन्म १२ जुलै १९८२ चा. वडील श्रीनिवास राव आणि काका मुरलीधर राव दोघेही प्रशिक्षक, घरातच शाळा. २००३ मध्ये तो पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला आणि पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकला गेला. तरी देशभर त्याचे नाव झाले ते २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत. पुरुष संघाने सिंगापूरला हरवून सुवर्णपदक मिळवले आणि एकेरीच्या अंतिम सामन्यात शरथपुढे ऑस्ट्रेलियाचा विल्यम हेन्झेल उभा राहिला. सभागृह यजमानांचे, आरडाओरडा यजमानांचा. सात गेमपर्यंत रंगलेला तो सामना शरथने ४-३ असा जिंकला.

सोळा वर्षांनी बर्मिंगहॅमला तसाच प्रसंग पुन्हा आला. ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल स्पर्धेचा शेवटचा दिवस, समोर इंग्लंडचा लियम पिचफर्ड आणि सभोवती पुन्हा यजमानांचे प्रेक्षक. चाळीस पूर्ण होऊन शरथला महिनाही झाला नव्हता. त्याने पिचफर्डला ४-१ असे नमवले. त्याच स्पर्धेत त्याने श्रीजा अकुलासोबत मिश्र दुहेरीचे आणि संघासोबत सांघिक सुवर्णही मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धांतली त्याची एकूण पदके १३ झाली. त्यांतली सात सुवर्ण. ही संख्या मोठी आहेच, पण चाहत्यांच्या बोलण्यात जास्त येतात ते हे दोन अंतिम सामने. दोन्ही परक्या मैदानावर, दोन्ही यजमान खेळाडूविरुद्ध, आणि मध्ये सोळा वर्षे. पहिला सामना पाहिलेली शाळकरी मुले दुसऱ्या सामन्यापर्यंत नोकरीला लागली होती. शरथ तिथेच होता.

एवढी वर्षे टिकणे टेबल टेनिसमध्ये विशेष अवघड का, हे समजायला नियमांकडे पाहावे लागते. शरथ खेळ शिकला तेव्हा चेंडू ३८ मिलिमीटरचा होता आणि गेम २१ गुणांचा. ऑक्टोबर २००० मध्ये चेंडू ४० मिलिमीटरचा झाला. तो हवेत थोडा मंदावला, फिरकी थोडी कमी झाली. सप्टेंबर २००१ पासून गेम ११ गुणांचा झाला. पूर्वी खेळाडू सलग पाच सर्व्हिस करत असे, आता दोनच. पिछाडी भरून काढायला वेळ उरला नाही. दोन चुका झाल्या की गेम हातचा जाऊ लागला. २००२ मध्ये हात किंवा अंग आड धरून लपवलेली सर्व्हिस बंद झाली. २००८ मध्ये रॅकेटच्या रबराला लावायचा स्पीड ग्लू बंद झाला. या ग्लूने रबर ताणले जाई आणि फटक्याला जादा वेग मिळे. ज्याचा सारा खेळ फोरहँडच्या ताकदीवर उभा, त्याला हा बदल किती जड गेला असेल याची कल्पना येते. २०१४ मध्ये सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लास्टिकचा आला आणि फिरकी आणखी उतरली.

शरथच्या बरोबरीचे अनेक चांगले खेळाडू या बदलांत मागे पडले. त्याने प्रत्येक वेळी आपला खेळ मोडून पुन्हा बांधला. जर्मनीच्या बुंडेसलीगामध्ये क्लबसाठी खेळत त्याने युरोपातल्या तगड्या खेळाडूंशी रोजचा सराव मिळवला. २०१५ मध्ये मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने तो बराच काळ बाहेर होता. परत आल्यावर टेबलाच्या जवळ उभे राहून चेंडू लवकर उचलण्याकडे आणि बॅकहँडकडे त्याने जास्त लक्ष दिले. जागतिक क्रमवारीतले त्याचे सर्वोच्च स्थान, तिसावे, त्याला वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या आसपास मिळाले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने उपांत्यपूर्व फेरीत जपानला हरवून कांस्यपदक मिळवले. आशियाई स्पर्धेतले टेबल टेनिसचे ते भारताचे पहिले पदक. पाठोपाठ मनिका बत्रासोबत मिश्र दुहेरीचे कांस्यही आले.

टोकियो ऑलिंपिकमध्ये तिसऱ्या फेरीत शरथ मा लाँगपुढे उभा राहिला. मा लाँग म्हणजे चीनचा, बहुतेकांच्या मते आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. शरथने दुसरा गेम ११-८ असा घेतला आणि तिसरा ११-१३ असा थोडक्यात गमावला. पुढचे दोन्ही गेम सरळ गेले. निकाल ४-१. पण त्या तिसऱ्या गेमची आठवण भारतीय टेबल टेनिसप्रेमी अजून काढतात. एकोणचाळिशीतला भारतीय खेळाडू ऑलिंपिक विजेत्याशी बरोबरीने झुंजतो आहे, हे दृश्य पूर्वी कुणी पाहिलेच नव्हते. ऑलिंपिक पदक मात्र त्याला पाच ऑलिंपिक खेळूनही मिळाले नाही. पॅरिसला २०२४ मध्ये पी. व्ही. सिंधूसोबत देशाचा झेंडा घेऊन तो उद्घाटनाला उतरला आणि एकेरीत पहिल्याच सामन्यात स्लोव्हेनियाच्या डेनी कोझुलकडून हरला. त्याच्यावरच्या प्रेमात या न मिळालेल्या पदकाची हळहळही मिसळलेली आहे, आणि ती असणे स्वाभाविक आहे.

राष्ट्रीय विजेतेपदांचा जो विक्रम शरथने मोडला तो मुंबईचा होता. कमलेश मेहता यांनी आठ वेळा राष्ट्रीय एकेरी जिंकली होती. २०१९ मध्ये कटकला नववे विजेतेपद मिळवून शरथ त्यांच्या पुढे गेला. दहावे त्याने २०२२ मध्ये शिलाँगला मिळवले. मेहता १९८८ आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये खेळले. १९८८ मध्ये सोलला त्यांच्यासोबत दुहेरीत सुजय घोरपडे होते. नीरज बजाज हे मेहतांच्या आधीचे मुंबईचे राष्ट्रीय विजेते, पुढे उद्योगपती आणि २०२१ पासून बजाज ऑटोचे अध्यक्ष. मुंबईचे या खेळाशी नाते आणखी जुने आहे. आशियातली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये मुंबईतच झाली आणि तिथे जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंजची रॅकेट आणून सारे जग चकित केले होते.

या जुन्या विजेत्यांपैकी बहुतेकांना निरोपाचा सामना असा मिळाला नाही. एखाद्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीत नाव नसे, एवढेच. हा खेळ भारतात जगला तो मुख्यतः नोकऱ्यांवर. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, बँका, विमा महामंडळ यांचे संघ असत. खेळाडूला पगार आणि सरावाला वेळ मिळे. शरथ इंडियन ऑइलचा, मेहता युनियन बँकेचे. खेळणे थांबले की खेळाडू त्याच कार्यालयात अधिकारी म्हणून बसे आणि चाहते म्हणजे त्याच मजल्यावरचे सहकारी असत. चेन्नईच्याच व्ही. चंद्रशेखर यांची कथा तर फार दुःखद. तीन वेळचे राष्ट्रीय विजेते, पण १९८४ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूला इजा झाली आणि ऐन भरात खेळ सुटला. नुकसानभरपाईसाठी ते न्यायालयात लढले, जिंकले, पुढे मुलांना शिकवू लागले आणि २०२१ मध्ये गेले. २०२५ मध्ये चेन्नईत शरथला मिळालेल्या टाळ्यांत अशा माणसांचाही वाटा आहे, असे जुन्या टेबल टेनिसप्रेमींना वाटले असेल तर ते चुकीचे नाही.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना शरथ जवळून दिसला तो अल्टिमेट टेबल टेनिस या लीगमुळे. नीरज बजाज आणि वीटा दाणी यांनी २०१७ मध्ये ही लीग सुरू केली. २०२३ चा हंगाम पुण्याच्या बालेवाडीत झाला. शरथच्या चेन्नई लायन्सला अंतिम फेरीत गोवा चॅलेंजर्सने हरवले. परदेशी खेळाडूंसोबत एकाच संघात खेळणारे भारतीय खेळाडू, प्रत्येक गुणाला निवेदन, सामना संपल्यावर रॅकेटवर सही घ्यायला उभी राहिलेली मुले, हे चित्र या खेळाला नवे होते. त्याआधी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाने सिंगापूरला ३-१ असे हरवून सुवर्ण मिळवले होते. त्या संघात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होत्या. अंतिम लढतीतली दुहेरी मधुरिकाने मौमा दाससोबत जिंकली. मराठी घरांतून या खेळाकडे मुली वळण्यात या विजयाचा मोठा हात आहे.

स्टेडियमपासून दूर राहणाऱ्या चाहत्याची स्थिती वेगळी असते. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या मराठी बोलणाऱ्या पट्ट्याचेच उदाहरण घेता येईल. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांचा आणि कपाशीचा हा मुलूख. व्यवहार नागपूरशी, राजधानी भोपाळ, आणि राज्यातले टेबल टेनिसचे मोठे केंद्र थेट इंदूरला, अभय प्रशालमध्ये. पत्रकार अभय छजलानी यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. चेन्नई–दिल्ली रेल्वेमार्ग पांढुर्ण्यावरूनच जातो, पण तिथून सामना बघायला चेन्नईला जाणारा विरळाच.

अशा गावांत खेळ रुजायला मुख्य अडचण जागेची. क्रिकेटला मोकळे मैदान पुरते, कबड्डीला मातीचा पट्टा पुरतो. टेबल टेनिसला बंद खोली लागते, आणि तीही अशी की जिच्यात वारा नाही. २.७ ग्रॅमचा चेंडू छताच्या पंख्याच्या झुळकेनेही वाट सोडतो. म्हणून खेळताना पंखे बंद, खिडक्या बंद. विदर्भाला लागून असलेल्या या भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बंद खोलीत पंखा न लावता दोन तास खेळणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. शिवाय टेबलाच्या मागे-पुढे पळायला बरीच जागा हवी. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडले तर फोरहँड मारताना हात भिंतीला लागतो. ही अडचण सोसून खेळणारी मुले शरथचे सामने मोबाइलवर बघतात, थांबवून थांबवून, मनगट कसे वळले ते पाहतात. त्यांचे प्रेम स्टेडियममधल्या माणसापेक्षा कमी नाही. उलट त्यात अभ्यास अधिक आहे.

अशा प्रेमाला देशाच्या सीमा आड येत नाहीत, हे या खेळाने पूर्वीच दाखवले आहे. स्वीडनचा यान-ओव्ह वाल्डनर चीनच्या खेळाडूंना वीस वर्षे हरवत राहिला आणि चीनच्याच प्रेक्षकांनी त्याला सदाहरित वृक्ष म्हणून डोक्यावर घेतले. अथेन्सला २००४ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्याने मा लिन आणि टिमो बोल या दोघांना हरवून उपांत्य फेरी गाठली. २०१६ मध्ये पन्नाशीत तो निवृत्त झाला. जर्मनीच्या बोलची गोष्टही तशीच. २००५ च्या शांघाय जागतिक स्पर्धेत निर्णायक गेममध्ये बोलकडे मॅच पॉइंट होता. चीनच्या लिऊ गुओझेंगचा चेंडू बाहेर गेला असे पंचांनी ठरवले, म्हणजे सामना बोलचाच. त्याने स्वतः पंचांना सांगितले की चेंडू टेबलाच्या कडेला लागला आहे. गुण लिऊला गेला आणि पुढे सामनाही. शांघायचे लोक ते कधी विसरले नाहीत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये सांघिक सामन्यात बोल शेवटचा हरला तेव्हा सारे सभागृह त्याच्यासाठी उभे होते. पुढे जून २०२५ मध्ये डसेलडॉर्फ क्लबसाठी खेळून त्याने रॅकेट ठेवली.

चाहत्यांचे प्रेम विखारी होऊ शकते, हेही याच पॅरिसमध्ये दिसले. महिला एकेरीचा अंतिम सामना दोन चिनी खेळाडूंत होता. प्रेक्षकांतल्या बहुतेकांची लाडकी सुन यिंगशा होती. चेन मंग ४-२ अशी जिंकली आणि तिच्याच देशाच्या लोकांनी तिची हुर्यो उडवली. तिच्याबद्दल समाजमाध्यमांवर बदनामीकारक मजकूर लिहिल्याबद्दल बीजिंगच्या पोलिसांनी एका महिलेला ताब्यात घेतले. तारे आणि त्यांचे भक्त असा बाजार चीनमध्ये उभा राहिला आहे. भारतातला टेबल टेनिसचा चाहतावर्ग अजून लहान आहे आणि म्हणून त्यात आपुलकी शिल्लक आहे. खेळ वाढला की तीही जपावी लागेल. स्नेहितने शरथला हरवले तेव्हा प्रेक्षकांना दोघांसाठीही टाळ्या वाजवता आल्या, ही साधी गोष्ट नाही.

शरथला २००४ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१९ मध्ये पद्मश्री आणि २०२२ मध्ये खेलरत्न मिळाला. त्या वर्षी खेलरत्नचा तो एकटाच मानकरी होता. निवृत्तीच्या आधीच तो आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या खेळाडू आयोगावर निवडून आला होता. कमलेश मेहता २०२२ च्या अखेरीस भारतीय टेबल टेनिस महासंघाचे सरचिटणीस झाले, म्हणजे आठ विजेतेपदांचा धनी आणि दहा विजेतेपदांचा धनी दोघेही आता खेळाच्या कारभारात आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सुरतच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुंबईची दिया चितळे महिलांची आणि मानुष शाह पुरुषांचा विजेता झाला. आणि ज्या चेन्नईच्या स्पर्धेत शरथ थांबला, त्याच स्पर्धेत मानव ठक्करने एकेरीची उपांत्य फेरी गाठली. स्टार कंटेंडर दर्जाच्या स्पर्धेत तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. शरथच्या निरोपासाठी आलेले प्रेक्षक मानवचे सामने बघायला थांबले होते.